बारा हजार फुटांवरची सही

आयुष्यातले मोठे निर्णय उंचावर जाऊन घ्यावेत, तिथे मन निर्मळ होते आणि क्षुद्र गोष्टी खाली राहतात, असे थोरामोठ्यांनी सांगून ठेवले आहे. घारपुऱ्यांच्या घरात मोठे निर्णय हिरव्या कागदावर, बॉलपेन दाबून घेतले जात. दाबून अशासाठी, की खालच्या गुलाबी प्रतीवर अक्षर उठावे.

शरदचंद्र घारपुरे अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षे सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. त्यांनी आपण होऊन वर्क परमिटची सहा पॅड मागून घेतली. कारखान्यात टाकीत उतरायचे, वेल्डिंग करायचे किंवा शिडीवर चढायचे तर आधी परमिट भरावे लागते. काम काय, धोका कोणता, उपाय काय, मुदत किती, आणि खाली साहेबांची सही. सही नाही तर काम नाही. बदलापूरजवळच्या खरवईतल्या त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये हीच पद्धत चालू झाली. त्यांच्या पत्नी वृंदाबाईंना पंखा पुसायला स्टुलावर चढायचे तर ते 'उंचीवरील काम' झाले. दिवाळीतला आकाशकंदील दोन परमिटांवर लागे, एक चढण्याचे आणि एक विजेचे. वृंदाबाई सुरुवातीला चिडल्या, मग थकल्या, आणि शेवटी त्यांनी पंखे पुसायचे बंद केले.

एक नियम मात्र घारपुरे स्वतःसुद्धा मोडत नसत. परमिटवर सही टेबलाशी बसून करायची नाही. जागेवर जायचे, डोळ्यांनी बघायचे, आणि तिथेच उभे राहून सही करायची किंवा नाकारायची.

त्यामुळे परमिट क्रमांक २१२ चौदा महिने पडून होते.

कामाचे स्वरूप: विवाह. अर्जदार: श्रद्धा शरदचंद्र घारपुरे, वय अठ्ठावीस, अंबरनाथच्या एका औषध कंपनीत गोळ्या तपासणारी. श्रद्धाला पळून जाऊन लग्न करायला तशी हरकत नव्हती, पण वडिलांची सही तिला हवीच होती. लहानपणापासून तिने सायकल, पोहणे आणि कॉलेजची सहल हे सगळे या सहीवर केले होते, आणि बिनसहीचे काम टिकत नाही असा तिचाही एक आतला समज झाला होता. मुलगा अंबरनाथचाच, शिवमंदिराच्या बाजूचा, समीर नावाचा. शांत, उंच, कमी बोलणारा. घारपुऱ्यांना तो आवडला असता, पण तो घाटावरच्या एका फ्लाइंग क्लबात लोकांना चार आसनी विमान चालवायला शिकवत असे.

"इंजिनं किती?" घारपुऱ्यांनी पहिल्या भेटीत विचारले होते.

"एक, काका."

"आणि स्टँडबाय?"

समीर म्हणाला, स्टँडबाय नसतं. घारपुऱ्यांनी पेनचे टोपण लावले. ज्या कारखान्यात पाण्याच्या साध्या पंपालाही शेजारी जोडीचा पंप होता, तिथे चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला एका इंजिनाचा जावई म्हणजे उघडे गटार वाटणे साहजिक होते.

त्यानंतर त्यांनी समीरला प्रश्नावली पाठवली. प्रश्न एकोणतीस. समीरने सगळ्यांची उत्तरे लिहून दिली आणि ती चांगली होती, हेच घारपुऱ्यांना खुपत होते. अडकले ते सातव्या प्रश्नावर: उंचीवर प्राणवायू कमी पडल्यास उपाय? समीरने लिहिले होते की लहान विमानाची केबिन मोठ्या विमानासारखी बंद नसते, बाहेरची पातळ हवाच आत असते. म्हणून दहा हजार फुटांच्या वर राहायचे तर आम्ही सिलिंडर नेतो आणि नाकाला नळी लावतो. घारपुऱ्यांनी शेरा मारला: 'प्रत्यक्ष पाहणी आवश्यक.' समीर म्हणाला, चला की मग काका, बारा हजार फुटांवर नेऊन दाखवतो, ऑक्सिजन लावून.

झाले. परमिट जागेवर सही होते, आणि जागा बारा हजार फुटांवर होती.

घारपुऱ्यांनी तयारी सुरू केली. कपाटातून त्यांचा जुना ऑक्सिजन मीटर निघाला. रिकाम्या टाकीत माणूस उतरवण्याआधी तो दोरीने आत सोडत. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला की मीटर किंचाळतो आणि टाकीत कोणी जायचे नाही. या मीटरने त्यांना कधी फसवले नव्हते, पण तीन वर्षांत त्याचा सेल मेला होता. तो घेऊन ते उल्हासनगरला, कॅम्प दोनला राजेशभाईंच्या दुकानात गेले. राजेशभाई सिंधी गृहस्थ, मीटर, गेज आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यात केस पांढरे झालेले. त्यांनी नवा सेल बसवला, मीटरवर फुंकर मारली, तो किंचाळला, दोघांना समाधान वाटले.

"कौनसी टाकी, साहेब? तुम्ही तर रिटायर झाले ना?"

घारपुऱ्यांनी बोट वर केले. राजेशभाईंनी आधी छताकडे पाहिले, मग सगळे ऐकून घेतले, आणि मान हलवली.

"साईं, एक बात सांगू? हा टक्का दाखवतो. वर पण टक्का तोच राहणार, बीस पॉइंट नऊ. हवाच पातळ होते ना. शंभर ग्रॅम मिठाईत पण बदाम दहा टक्के, किलोत पण दहा टक्के. पोट कशाने भरणार?"

घारपुऱ्यांनी हे ऐकले आणि सोडून दिले. चौतीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने मिठाईची उदाहरणे मनावर घ्यायची नसतात.

ठरलेल्या शनिवारी सकाळी चौघे गाडीने घाट चढून धावपट्टीवर पोचले. वृंदाबाई उडणार नव्हत्या. टाकीत माणूस उतरतो तेव्हा बाहेर एक जण शिट्टी घेऊन उभा लागतो, हा नियम. म्हणून त्यांना थर्मास आणि शिट्टी देऊन कडुनिंबाखाली खुर्चीत बसवण्यात आले. आत काही झाले तर शिट्टी वाजवायची. वृंदाबाईंनी विचारले, आत काही झालेलं मला इथून कळणार कसं? घारपुरे म्हणाले, तो पुढचा मुद्दा आहे.

समीरने सामान दाखवायला सुरुवात केली. पाण्याच्या बाटलीएवढा सिलिंडर, आसनामागे पट्ट्याने बांधलेला. त्यातून निघालेल्या बारीक नळ्या, प्रवाह दाखवणारी काचेची दांडी, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. घारपुऱ्यांनी पट्टा ओढून पाहिला, व्हॉल्व्ह हुंगला, सिलिंडरच्या तपासणीची तारीख वाचली. सगळे व्यवस्थित होते. त्यांचा चेहरा उतरत चालला.

मग समीरने श्रद्धाला तिचे लिपबाम पुसायला लावले. तेलकट पदार्थ आणि शुद्ध ऑक्सिजन यांची गाठ पडू द्यायची नाही, पेट घेऊ शकतो, असे तो म्हणाला. घारपुरे मनात खूश झाले. त्यांच्या कारखान्यात हाच फलक त्यांनी स्वतःच्या हाताने लावला होता. तेवढ्यात समीर त्यांच्याकडे वळला आणि फार संकोचून म्हणाला, "काका, तुमच्या मिशा."

घारपुऱ्यांच्या मिशा जाड आणि चकचकीत होत्या. सदतीस वर्षे त्या रोज सकाळी खोबरेल तेलाने बसवल्या जात. समीरने साबणाचा कागद पुढे केला आणि नळाकडे बोट दाखवले. श्रद्धाने आभाळाकडे पाहिले. लांब कडुनिंबाखाली वृंदाबाईंना काही ऐकू आले नसणार, तरी त्या हसल्यासारख्या वाटल्या.

चौतीस वर्षांत घारपुऱ्यांनी दुसऱ्याच्या नियमभंगाच्या चारशे बारा नोंदी केल्या होत्या. स्वतःच्या नावावर पहिली नोंद एका पोराने करावी, तीही मिशीवरून, हे त्यांच्याने गिळवेना. ते म्हणाले की मिशा धुण्याचा प्रश्नच नाही, कारण नळी लावण्याचा प्रश्नच नाही. ऑक्सिजन आहे की नाही हे मीटर सांगेल. मीटर किंचाळला तर बघू.

समीरने साबणाचा कागद खिशात ठेवला. "बरं, काका," एवढेच तो म्हणाला.

विमान उडाले. पुढे समीर आणि श्रद्धा, मागे घारपुरे, मांडीवर परमिटचे पॅड आणि त्यावर मीटर. समीरने बोलण्यासाठी कानावर चढवायला हेडसेट दिला होता, पण त्यात मीटरचे किंचाळणे ऐकू येणार नाही म्हणून त्यांनी तो काढून गुडघ्यावर ठेवला. इंजिनाच्या आवाजात पुढचे दोघे काहीतरी बोलत होते. ओठ हलताना दिसत होते. श्रद्धा एकदा मागे वळून बाबांकडे बघून गोड हसली. घारपुऱ्यांनी मीटर वाचला: २०.९. घाट मागे पडला: २०.९. बारवी धरणाचे पाणी सापडल्या नाण्यासारखे चमकले: २०.९. मीटर गप्प होता, म्हणजे घारपुऱ्यांच्या हिशेबाने राजेशभाईंचे बदाम खोटे ठरले होते आणि मिशा जागच्या जागी होत्या.

आणि मग घारपुऱ्यांना बरे वाटू लागले.

सुरुवातीला त्यांना ते ओळखू आले नाही, सवय नव्हती. छातीत हलके वाटत होते, गालांना काहीतरी होत होते. ते हसत होते. खाली उल्हास नदी वळणे घेत चालली होती, खरवईच्या इमारती काडेपेट्यांसारख्या रचलेल्या होत्या, आणि त्यांतल्या एका काडेपेटीच्या गच्चीवर त्यांच्या टाकीचे काळे झाकण नीट बसवलेले दिसत होते. बारा हजार फुटांवरून झाकण दिसते म्हणजे आपली नजर या वयातही उत्तम आहे, याचा त्यांना अभिमान वाटला. मग अंबरनाथ आले आणि त्यांचा कारखाना आला. टाक्या एका ओळीत. आणि फाटकाशेजारच्या मैदानात, आग लागली तर सगळ्यांनी जमायची जागा म्हणून त्यांनी वरिष्ठांशी दोन वर्षे भांडून रंगवून घेतलेला, भलामोठा हिरवा गोल.

तो गोल तिथे उभ्या असलेल्या माणसाला कधीच नीट दिसत नसे. पायाखाली नुसता हिरवा रंग. लोक त्यावर स्कूटर लावत. वरून मात्र तो अगदी गोल होता. चौतीस वर्षांनी घारपुऱ्यांना कळले की त्यांनी तो बरोबर काढला होता.

त्यांनी टाळी वाजवली. पुढे वाकून समीरच्या पाठीवर थाप मारली आणि कोणाला ऐकू येत नसताना ते बराच वेळ बोलले. पॅड उघडले. परमिट २१२. धोके: हा रकाना त्यांनी चौदा महिन्यांत खच्चून भरला होता, त्यावर एक तिरकी रेघ मारली. मुदत: या रकान्यात घारपुरे कधीही आठ तासांपेक्षा जास्त लिहीत नसत, पाळी संपली की परमिट संपते. त्यांनी लिहिले, 'आजन्म'. विशेष अटी: इथे ते एरवी हेल्मेट, हातमोजे वगैरे लिहीत. त्यांनी लिहिले, 'मजा करा.' आणि खाली सही ठोकली. हिरवी प्रत फाडून त्यांनी श्रद्धाच्या खांद्यावरून पुढे केली. तिने ती वाचली, परत वाचली, आणि तोंडावर हात ठेवला.

खाली उतरल्यावरही त्यांचे थांबेना. कडुनिंबाखाली जाऊन त्यांनी वृंदाबाईंना सांगितले की तू फार छान शिट्टी वाजवतेस. वृंदाबाईंनी शिट्टी वाजवलेलीच नव्हती. परतीच्या वाटेवर घाट उतरताना समीर काही सांगू पाहत होता. घारपुऱ्यांनी त्याला आता बोलायचं नाही, गाणं म्हणायचं, असे बजावले आणि स्वतः सुरुवात केली. त्यांचा आवाज चांगला आहे हे श्रद्धाला अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हते. माहीत नव्हते ते बरे होते, असे वृंदाबाई म्हणाल्या, पण हळू.

सोमवारी सकाळी मोलकरीण मोतीबाईला माळ्यावरचा डबा हवा होता. परमिट लिहायला घारपुऱ्यांनी पॅड उघडले आणि गुलाबी प्रत समोर आली. 'आजन्म.' 'मजा करा.' अक्षर उतारावरून घसरल्यासारखे. ते खुर्चीत बसले.

दुपारपर्यंत त्यांना कारण सापडले. समीरने सिलिंडरसोबतचे माहितीपत्रक दिले होते, ते त्यांनी आता वाचले. उंचीवर प्राणवायू कमी पडल्याची लक्षणे: विनाकारण आनंद. अतिआत्मविश्वास. बोलणे वाढणे. अक्षर बिघडणे. रुग्णाला आपण उत्तम असल्याची खात्री वाटणे. घारपुऱ्यांनी एकेका लक्षणापुढे बरोबरची खूण केली, आणि पाच पैकी पाच मिळाल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. आपण नळी लावली नव्हती. मीटर टक्का दाखवतो, पातळपणा दाखवत नाही. सही करणारा अधिकारी सही करताना शुद्धीत नव्हता. अशी सही रद्द होते, नियमच आहे.

ते तडक कॅम्प दोनला गेले आणि राजेशभाईंकडून बदामांचे विधान लेखी घेतले. राजेशभाईंनी सही करताना विचारले, हे कशासाठी? घारपुरे म्हणाले, मुलीचं लग्न थांबवण्यासाठी. राजेशभाईंनी पेन खाली ठेवले.

"साहेब, लडका खराब आहे का?"

घारपुऱ्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले. "पद्धत चुकली."

चौकशी रविवारी खरवईत, जेवणाच्या टेबलाभोवती बसली. अध्यक्ष घारपुरे, सचिव घारपुरे, साक्षीदार वृंदाबाई. समीरला विमानाचे लॉगबुक घेऊन बोलावले होते. श्रद्धा पोहे करत होती आणि विलक्षण शांत होती. आठवडाभरात ती एकदाही भांडली नव्हती. वृंदाबाईंनी तिला स्वयंपाकघरात विचारलेही होते, अगं, तू काहीच कशी बोलत नाहीस? ती म्हणाली होती, होऊ दे चौकशी, बाबांचा चौकशीशिवाय कशावर विश्वास आहे?

घारपुऱ्यांनी आरंभीच कार्यपद्धती वाचून दाखवली. साक्षी ऐकल्या जातील. मतभेद झाल्यास लॉगबुक अंतिम मानले जाईल. निष्कर्ष अध्यक्षांनाही बंधनकारक राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी गुलाबी प्रत मांडली, शेजारी स्वतःच्या नेहमीच्या अक्षराचा नमुना मांडला, माहितीपत्रक वाचले, राजेशभाईंचे निवेदन वाचले. वृंदाबाईंची साक्ष झाली.

"उतरल्यावर मी तुझी स्तुती केली. असं पूर्वी कधी घडलं होतं?"

वृंदाबाई आठवू लागल्या. "एकदा," त्या म्हणाल्या. "मी गॅस बंद करून गावाला गेले होते तेव्हा."

घारपुऱ्यांनी ते लक्षण म्हणून नोंदवले. मग समीरकडे वळून, आवाजात शक्य तितकी सहानुभूती आणून त्यांनी सांगितले की यात कोणाचा वैयक्तिक दोष नाही, परमिटवर नव्याने विचार करता येईल, एखादे वर्ष लागेल. फक्त बारा हजार फुटांची नोंद वाचून दाखव, म्हणजे फाइल बंद करू.

समीरने लॉगबुक उघडले, पण वाचले नाही.

"काका, आपण वर गेलोच नाही."

समीरने कप बाजूला सरकवला आणि जमिनीकडे बघत सांगितले की तुम्ही नळी लावणार नाही म्हणालात, मग तुम्हाला वर कसं नेणार? विमानात एकाने जरी लावली नाही, तरी मी दहा हजारांच्या जवळपासही जात नाही. मग ती व्यक्ती कोणी का असेना. "मी आत बोललो होतो. तुमच्या कानावर हेडसेट नव्हता. गाडीत सांगत होतो, तर तुम्ही गाणं म्हणायला लावलंत."

"तू ऐकलं होतंस?" घारपुऱ्यांनी श्रद्धाला विचारले.

श्रद्धा पोह्यांवर खोबरे घालत होती. "हो," ती म्हणाली. "तेव्हाच तर मी मागे वळून हसले."

घारपुऱ्यांनी चष्मा काढून पुसला. सुरक्षेचे साहित्य वापरत नाही म्हणून भावी सासऱ्याला उंचीवर जाऊ न देणारा माणूस त्यांना चौतीस वर्षांत कारखान्यात मिळाला नव्हता. मिळाला असता तर त्याला त्यांनी बढतीची शिफारस दिली असती. ही गोष्ट ते मोठ्याने बोलले नाहीत, पण पेन उचलून त्यांनी चौकशी अहवालात 'सही वैध' असे लिहिले, आणि या वेळी अक्षर सरळ आले.

"मग अहो," वृंदाबाईंनी विचारले, "त्या दिवशी तुम्हाला झालं काय होतं?"

अहवालात शेवटून दुसरा रकाना 'मूळ कारण' असा होता. घारपुऱ्यांनी पेन त्यावर टेकवले, उचलले, परत टेकवले. पोहे गार होऊ लागले, म्हणून रकाना मोकळा सोडून ते पुढच्या ओळीकडे गेले आणि लॉगबुकातला आकडा उतरवून घेतला.

कमाल उंची पाच हजार पाचशे फूट होती. कळसूबाई पाच हजार चारशे आहे, आणि रविवारी तिथे वर लिंबूसरबत मिळते.